घरातला कॉम्प्युटर आणि आईंचा नियम

२०२५ च्या पावसाळ्यात आमच्या घरातला कॉम्प्युटर चालू केला की पडद्यावर एक पाटी यायची. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर 'विंडोज १०' ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, असा त्या इंग्रजी पाटीचा मतलब होता. एके दिवशी लेकीने ती मोठ्याने वाचली. आमच्या आई शेजारीच लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांचे वय तेव्हा ७९. तारीख ऐकताच त्यांनी मान वर केली.

"हा तं आपला दिवस आहे! अन् त्या दिवशी हे बंद पडनार?"

आम्ही सगळे हसलो. १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख आमच्या घरात लहान पोरालाही पाठ आहे. त्या तारखेचा आणि कॉम्प्युटरचा संबंध अर्थातच योगायोगाचा. आम्ही आईंना समजावले की त्या दिवशी मशीन बंद पडणार नाही, चालतच राहील; पण दाराची कडी सैल झाल्यावर जे होते ते होईल. चोर येईलच असे नाही, आला तर अडवणार कोण, एवढाच प्रश्न.

हसणे संपले आणि खरा प्रश्न उरला. बारा वर्षांच्या या मशीनवर आणखी खर्च करायचा, की ते बदलायचे? आणि बदलायचे तर सगळे, की त्यातले काही भाग? हा प्रश्न आज पुष्कळ घरांत आहे, पुष्कळ विहारांच्या अभ्यासिकांतही आहे. म्हणून आमचा अनुभव, आमच्या चुकांसकट, येथे मांडतो आहोत.

हा कॉम्प्युटर आम्ही २०१३ च्या ऑक्टोबरात घेतला. कल्याणहून लोकलने दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क, साडेअठरा इंची मॉनिटर. सगळे मिळून २३,४०० रुपये झाले. सोसायटीचे कर्ज काढले होते. त्याच वेळी ओळखीचे एक गृहस्थ त्यांच्या कचेरीतला जुना कॉम्प्युटर पाच हजारांत द्यायला तयार होते. आमची तयारी होती. आईंची नव्हती.

"लोकायचं उतरेलं आपल्या घरात नाही पाहिजे," एवढेच त्या म्हणाल्या. मग विषय संपला.

नव्या पिढीच्या वाचकांना हे वाक्य साधे वाटेल. ते साधे नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जी मनुस्मृती जाळली, तिच्यात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत आणि फुटक्या भांड्यांत जेवावे असे लिहून ठेवले आहे. ते पुस्तकातच राहिले नाही. आईंच्या लहानपणी, अकोला जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी, पाटलाच्या घरचे उतरलेले लुगडे, सणाचे उरलेले अन्न, तुटकी खाट, हे सगळे 'दिले' जाई, आणि ते घेताना हात पुढे करून वाकावे लागे. महाडच्याच परिषदेत त्या वर्षीच्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडून द्या असे सांगितले होते. आमच्या आईंच्या माहेरी ते ऐकले गेले. त्यांच्या वडिलांनी उतरलेले काहीही घरात आणायचे नाही असा नियम केला, तो आईंनी सासरी आणला. त्या शाळा फार शिकल्या नाहीत, पण आमच्या घरात पुस्तक नवे आले, दप्तर नवे आले, आणि कॉम्प्युटरही नवाच आला.

तर हा कॉम्प्युटर. बारा वर्षांत त्याने काय काय मागितले ते सांगतो.

२०१७ मध्ये एके रात्री जळका वास आला आणि मशीन मुके झाले. आमचा जीव उडाला. विहाराच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्याला बोलावले. त्याने झाकण काढले, वास घेतला आणि म्हणाला, "काका, एसएमपीएस गेलाय. बाकी वाचलंय." घरातली वीज मशीनच्या उपयोगाची करून देणारा तो डबा असतो. आम्ही विचारले, स्वस्तातला चालेल का? त्याने सांगितलेली गोष्ट आम्ही गाठीशी बांधली. काही भाग असे असतात की बिघडले तर एकटेच जातात. एसएमपीएस तसा नाही. तो बिघडताना मदरबोर्डलाही घेऊन जाऊ शकतो. तिथे दोनचारशे रुपये वाचवू नयेत.

पुढे एका उन्हाळ्यात मशीन वीस मिनिटे चालायचे आणि आपोआप बंद पडायचे. आम्हाला वाटले, वय झाले. मुलाने पंख्याखालची जाळी दाखवली. तीत धुळीची गादी तयार झाली होती. प्रोसेसरवर लावलेली राखी रंगाची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. त्याने जाळी साफ केली, नवी पेस्ट लावली, शंभर रुपये घेतले. मशीन पुढे कितीतरी वर्षे तसे बंद पडले नाही. आम्ही मात्र त्या आधी आठवडाभर नव्या कॉम्प्युटरच्या किमती विचारत फिरलो होतो.

तिसरी गोष्ट आणखी लहान. लेकीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. संकेतस्थळ उघडेना. 'जोडणी सुरक्षित नाही' असे काहीतरी यायचे. आम्ही इंटरनेटवाल्याला फोन केले, त्याच्याशी भांडलो, दोन दिवस घालवले. शेवटी त्या मुलाने पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. तिथे २०११ साल होते! मदरबोर्डवर एक गोल चपटा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. मशीन बंद असताना घड्याळ तो चालवतो. तो संपला की घड्याळ मागे जाते, आणि तारीख चुकली की संकेतस्थळांची ओळखपत्रे मशीनला खोटी वाटू लागतात. तीस रुपयांचा सेल घातला, अर्ज भरला. मुदत संपायला एकच दिवस उरला होता. तीस रुपयांपायी पोरीचे वर्षाचे पैसे गेले असते. तेव्हापासून आमचा पहिला धडा असा की मशीन अडले तर आधी सर्वांत स्वस्त कारण तपासावे.

२०२० मध्ये टाळेबंदी आली. एकाच मशीनवर दोन मुलांची शाळा. चार जीबी रॅम पुरेना, पडदा गोठून जायचा. दुकाने उघडल्यावर त्या मुलाकडून आणखी चार जीबी रॅम टाकून घेतली. डीडीआर-३ प्रकारची ती रॅम नवी मिळणे अवघड झाले होते, म्हणून त्याने दुसऱ्या मशीनमधून काढलेली टाकली. उतरलेलीच म्हणा ना. आम्ही ही गोष्ट आईंना सांगितली नाही.

आता ज्या चुकीसाठी हा लेख लिहायला बसलो ती सांगतो.

आमच्या मोठ्या आत्या १९५६ साली चौदा वर्षांच्या होत्या. मूर्तिजापूरहून वडिलांबरोबर रेल्वेने नागपूरला गेल्या, आणि दीक्षाभूमीवर त्या गर्दीत उभे राहून त्यांनी बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. २०१६ साली त्या घटनेला साठ वर्षे झाली, तेव्हा आम्ही गावी गेलो होतो. दोन दुपारी त्यांना बोलते केले आणि मोबाईलवर त्यांचा आवाज घेतला. लहानमोठे अकरा तुकडे झाले. घरी आल्यावर ते कॉम्प्युटरमध्ये भरले, मोबाईलमधले पुसले, कारण मोबाईलमध्ये जागा नव्हती. केव्हातरी सगळे ऐकून लिहून काढू, असे ठरवले. २०१९ साली आत्या गेल्या. लिहून काढणे राहिले ते राहिलेच.

२०२१ च्या सुरुवातीला हार्ड डिस्कमधून आवाज येऊ लागला. टक्, टक्, थोडे थांबून पुन्हा टक्. मशीन सुरू व्हायला चार चार मिनिटे लागायची. दुरुस्तीवाल्या मुलाने डिस्कची प्रकृती दाखवणारा प्रोग्राम चालवला. त्यात पिवळी खूण आली. तो म्हणाला, "काकू, आतल्या काही जागा खराब झाल्यात. डिस्क त्या सोडून दुसऱ्या जागा वापरतेय, पण हे वाढत जाणार. आजच दुसरीकडे उतरवून घ्या." आम्ही हो म्हटले. त्या महिन्यात एक लग्न होते, पुढच्या महिन्यात फी होती. डिस्क चालत तर होती. चालते आहे ती वस्तू बदलायची कशाला, असा आमचा हिशेब. सात आठवडे आम्ही तो आवाज ऐकत राहिलो. एके सकाळी तो थांबला, आणि त्याबरोबर सगळेच थांबले.

मुंबईतल्या एका ठिकाणी चौकशी केली. डिस्क उघडून माहिती काढायचे त्यांनी जेवढे सांगितले, तेवढ्यात आमचा दुसरा कॉम्प्युटर आला असता, आणि खात्री तरीही नव्हती. शेवटी त्या मुलानेच ती डिस्क दोन रात्री आपल्या मशीनला लावून ठेवली आणि जेवढे निघेल तेवढे काढले. अकरापैकी सात तुकडे मिळाले. चार गेले.

गेलेल्या चारांत एक पांढऱ्या लुगड्याचा होता. दीक्षेला पांढरी वस्त्रे घालून या, असा निरोप गावोगाव गेला होता. आत्यांच्या घरी एकही पांढरे वस्त्र नव्हते. शेजारच्या कुणी गावातून जुने पांढरे धोतर मागून आणायचे सुचवले. तेव्हा आत्यांचे वडील म्हणाले, ज्या दिवशी जुने सगळे सोडायला जायचे त्या दिवशी तरी दुसऱ्याचे उतरलेले अंगावर नको. त्यांनी उधारीवर नवे मांजरपाट आणले. आत्यांच्या आईने ते रात्रीत हाताने शिवले. हे आम्हाला आज आईंनी सांगितले म्हणून माहीत आहे. त्यांनी आत्यांच्या तोंडून ते अनेकदा ऐकले होते. आत्यांचा आवाज मात्र, 'रातभर मायचा दिवा जळत होता' असे काहीसे म्हणतानाचा, तो गेला. आईंना आम्ही हे सांगितले तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

सात आठवड्यांपूर्वी नवी एसएसडी आम्हाला २,४०० रुपयांना पडली असती. नंतरही तेवढ्यालाच पडली.

बाबासाहेबांच्या चरित्रातली एक गोष्ट त्या दिवसांत वारंवार आठवायची. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांनी आपले सामान वेगळ्या जहाजाने पाठवले होते. महायुद्ध चालू होते. पाणबुडीच्या हल्ल्यात ते जहाज बुडाले आणि त्यांची पुस्तके समुद्रात गेली. त्यांचा त्यात काहीच दोष नव्हता. आमचा होता. आमच्या जहाजाने सात आठवडे टक् टक् करून सांगितले होते.

त्यातून आम्ही जे शिकलो ते एका ओळीचे आहे. भाग कधी बदलायचा हे त्याच्या वयावरून ठरवू नये. तो अचानक गेला तर काय जाईल आणि कोणाचे जाईल, यावरून ठरवावे. कीबोर्ड गेला तर दोन दिवस गैरसोय होते. तो अगदी तुटेपर्यंत वापरावा. पंखा कुरकुरू लागला तर महिनाभर थांबता येते. एसएमपीएस गेला तर शेजाऱ्यालाही नेतो, म्हणून त्याच्या तक्रारीकडे काणाडोळा नको. आणि डिस्कवर जे असते ते बाजारात मिळत नाही. तिने पहिली तक्रार केली की त्याच दिवशी उठावे. खरे तर तक्रारीचीही वाट पाहू नये. एसएसडी तर टक् टक् सुद्धा करत नाही; जाते तेव्हा न सांगता जाते. म्हणून आता आमच्या घरात महत्त्वाचे सगळे तीन ठिकाणी असते: एक कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक नणंदेच्या घरी नागपूरला पेनड्राइव्हमध्ये. घरी पाणी शिरले, चोरी झाली, तरी तिसरी प्रत दूर आहे. विहाराचे जुने अहवाल आम्ही श्रीलिपीत टाइप केले होते. दुसऱ्या मशीनवर ती अक्षरे ओळखू येईनात, म्हणून तेही हळूहळू युनिकोडमध्ये करून ठेवले. नुसते जपून ठेवणे पुरत नाही, ते उद्या वाचताही आले पाहिजे.

असो. आता २०२५ च्या पाटीकडे येतो.

या वेळी आम्ही घाई केली नाही आणि चालढकलही केली नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर प्रश्न लिहिले. पहिला प्रश्न, अडचण नक्की कोणत्या भागाची आहे? उत्तर आले, एकाही भागाची नाही. एसएसडी टाकल्यापासून मशीन अर्ध्या मिनिटात उभे राहायचे. पण 'विंडोज ११' ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आमचा तिसऱ्या पिढीचा. आडमार्गाने ती घालता येते म्हणतात, पण मग पुढच्या दुरुस्त्या मिळतील याची हमी नाही. 'विंडोज १०' साठी एका वर्षाची वाढीव मुदत जाहीर झाली होती, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. म्हणजे प्रश्न पुढे ढकलला जाणार, सुटणार नाही.

दुसरा प्रश्न, नुसता प्रोसेसर बदलता येईल का? नाही. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बसत नाही. मदरबोर्ड बदलला की डीडीआर-३ रॅम त्यात जात नाही, तिची खाचच वेगळी. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम हे तिघे एका दाव्याला बांधलेले बैल आहेत. एकाला हलवले की तिघे हलतात. उलट एसएसडी, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस हे सुटे. ते पुढच्या मशीनबरोबर चालू लागतात. यावरून आम्हाला खर्चाचा एक सोपा मार्ग सापडला. जो भाग पुढच्या मशीनमध्ये नेता येईल त्यावर पैसा घालायला हरकत नाही. जो जुन्या बोर्डाबरोबरच संपणार आहे त्यावर फार खर्च करू नये. २०२१ मध्ये घेतलेली एसएसडी म्हणूनच वाया गेली नाही. पण तेव्हाच डीडीआर-३ ची महागडी रॅम घेतली असती तर ती गेली असती.

तिसरा प्रश्न, काम कोणाचे आणि त्याला किती पुरे? धाकट्याचे पॉलिटेक्निकचे दुसरे वर्ष. त्याला आराखडे काढायचा प्रोग्राम लागतो, बँकेचे आणि परीक्षांचे अर्जही याच मशीनवर. म्हणजे सुरक्षा हवीच.

सगळे नवे घ्यायचे तर चाळीस हजारांच्या आसपास जात होते. त्यातच रॅमचे भाव चढू लागले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर मोठमोठी संगणक केंद्रे उभी राहत होती, त्यांनी रॅम उचलली असे दुकानदार सांगत. दुसरा मार्ग होता तो मोठ्या कंपन्यांनी तीनचार वर्षे वापरून काढलेल्या कॉम्प्युटरचा. ते तपासून, साफ करून, बिल आणि वर्षाच्या वॉरंटीसह विकतात. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, सोळा हजारांत. दुरुस्तीवाल्या मुलाने दोन्ही हिशेब मांडले आणि म्हणाला, "काका, मी माझ्या बहिणीसाठी हाच घेतला."

म्हणजे पुन्हा उतरलेले. आता आईंना सांगणे भाग होते.

सांगायचे म्हणून बसलो, तर लपवलेल्या रॅमचीही गोष्ट बाहेर आली. आई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "पाच वर्सं मले सांगितलं नाही?" त्यांना रॅमपेक्षा लपवण्याचे जास्त लागले, आणि ते बरोबरच होते. आम्ही माफी मागितली.

मग लेक आजीशी बोलली. तिने विचारले, "आजी, बाबासाहेब न्यूयॉर्कला होते तेव्हा पोट मारून पुस्तकं घ्यायचे ना? ती बरीचशी जुनी होती. जुन्या पुस्तकांच्या दुकानातली. कुणीतरी वाचून विकलेली. ती उतरेली म्हणायची का?"

आई विचारात पडल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ते बाबासाहेबायनं पैसे मोजून, निवडून घेतले. आमाले निवडू कोन देत होतं? पाटलीन देईल तेच घ्या लागे. अन् वाकून घ्या लागे."

आमच्या इतक्या वर्षांच्या गोंधळाचे उत्तर त्या एका वाक्यात होते. आईंचा राग वस्तूच्या जुनेपणावर कधीच नव्हता. राग होता तो वाकण्यावर, निवड नसण्यावर. भगवान बुद्धांचा भिक्खुसंघ टाकून दिलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून चीवर करी. जी वस्त्रे मनुस्मृतीने एका माणसाच्या अंगावर लादली, तसलीच वस्त्रे दुसऱ्याने आपल्या इच्छेने पांघरली. कापड तेच. लादलेले आणि निवडलेले यांत मात्र अख्ख्या धम्मक्रांतीएवढे अंतर आहे.

दुसऱ्या रविवारी आई आमच्याबरोबर लॅमिंग्टन रोडला आल्या. गुडघे दुखतात तरी आल्या. दुकानदाराला त्यांनी स्वतः विचारले, "बिल देता का? बिघडलं तं कोन पाहीन?" त्याने मशीन चालवून दाखवले, वॉरंटीचा शिक्का मारून बिल दिले. पैसे आईंनी आपल्या हाताने मोजून दिले. आमची जुनी एसएसडी त्यात बसवली, मॉनिटर-कीबोर्ड तेच ठेवले. घर चालू झाले.

मग उरले जुने मशीन. आमच्या मनात होते, विहाराच्या अभ्यासिकेला देऊन टाकू. हे ऐकून आई भडकल्याच. "आपल्याले नको झालं म्हनून विहाराले? मग आपन अन् पाटलीन सारखेच."

आम्ही खजील झालो. दान या नावाखाली अडगळ विहारात नेऊन टाकायची खोड आपल्या समाजातही शिरली आहे, हे आपण मान्य केले पाहिजे. अभ्यासिकेच्या कपाटात अशी तीन बंद मशीने आम्ही स्वतः पाहिली आहेत. मग आम्ही आधी समितीला विचारले, तुम्हाला कशासाठी लागेल, लागेल का, नको असेल तर मोकळेपणाने नको म्हणा. त्यांना पुस्तकांची यादी ठेवायला आणि मुलांना मराठी टायपिंगचा सराव करायला एक मशीन हवे होते. त्या कामाला बारा वर्षांचा प्रोसेसर पुरून उरतो. आईंनी पेन्शनमधून पैसे दिले आणि त्यात कोरी नवी एसएसडी बसवली. नवा सेल, नवी पेस्ट, आतली सगळी धूळ साफ. 'विंडोज' काढून 'लिनक्स मिंट' घातली. ती फुकट असते, जुन्या मशीनवर चालते, तिला आजही दुरुस्त्या मिळतात आणि तिच्यात मराठी लिहिता येते. अंगावर घालण्यासारखे झाले तेव्हाच ते दाराबाहेर काढले.

मेलेली डिस्क आणि जळालेला एसएमपीएस एका डब्यात पडून होते. भंगारवाल्याला दिले की ते कोणाच्या हातात जातात, हे आपल्याला कळायला हवे. वायरी जाळून तांबे काढणारे आणि शिसे असलेले डाग वितळवणारे हात बहुतेक वेळा आपल्याच भावाबहिणींचे असतात. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातल्या बहुसंख्य बाया दलित आहेत. मेलेली ढोरे ओढायचे काम बाबासाहेबांनी सोडायला लावले. मेलेली मशीने आपल्याच माणसांकडे ओढायला द्यायची का? म्हणून तो डबा आम्ही ई-कचरा रीतसर घेणाऱ्या केंद्रावर नेऊन दिला. त्याआधी मेलेल्या डिस्कला त्या मुलाने आरपार भोके पाडली, म्हणजे घरची कागदपत्रे कोणाच्या हाती लागू नयेत.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला संशय आला, हा भिक्खू एवढ्या वस्त्रांचे करणार काय, दुकान मांडणार की काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे विरली आहेत त्यांना वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचे? जमिनीवरची आंथरणे. त्यानंतर पायपुसणी, त्यानंतर फडकी. आणि फडकीही विरली की ती कुटून, चिखलात कालवून जमीन लिंपू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

वस्तू कधी टाकायची, या प्रश्नाचे इतके पुरते उत्तर आम्हाला दुसरीकडे मिळाले नाही. प्रत्येक पायरीला त्या कापडाचे काम बदलते, आणि कुठल्याही पायरीला ते कोणाच्या अंगावर फेकले जात नाही.

२०२५ च्या १४ ऑक्टोबरला आम्ही जुन्या मशीनसह विहारात गेलो. वंदना झाल्यावर अभ्यासिकेत ते लावले. समितीच्या मुलांनी विचारले, काहीतरी चालवून दाखवा. लेकीने आत्यांचे उरलेले सात तुकडे त्यात आधीच भरून ठेवले होते. विहारात आता त्याची चौथी प्रत आहे. आत्यांचा आवाज त्या लहानशा खोलीत घुमला. गाडीतली गर्दी, नागपूरची धूळ, बाबासाहेब आले तेव्हा उठलेली लाट. पोरे गप्प बसून ऐकत होती.

तुकडे संपले. तेव्हा आई म्हणाल्या, "अजून एक राहिलं. पांढऱ्या लुगड्याचं." आणि त्यांनी ते स्वतःच्या तोंडाने सांगायला सुरुवात केली. या वेळी आम्ही मोबाईल चालू ठेवला होता. त्याच रात्री त्याच्या तीन प्रती केल्या.

ज्यांच्या घरी अशी म्हातारी माणसे आहेत आणि ज्यांच्या कॉम्प्युटरमधून टक् टक् आवाज येतो आहे, त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी ते काम उरकावे, ही विनंती. जयभीम.